जुन्या मोटारींची गंजलेली इंधनटाकी

जुन्या मोटारींच्या इंधनटाकीला लागणारा गंज ही अभिजात (क्लासिक) व व्हिंटेज मोटारींच्या जतनातील एक प्रमुख समस्या आहे. विसाव्या शतकातील बहुतेक मोटारींच्या इंधनटाक्या पोलादी पत्र्याच्या असल्यामुळे दमट हवा, साचलेले पाणी आणि दीर्घकाळ वापराविना पडून राहणे यांमुळे त्या आतून व बाहेरून गंजतात. अशा टाकीची स्वच्छता करून ती पुन्हा वापरात आणणे, तिची दुरुस्ती करणे किंवा ती बदलणे असे तीन मार्ग उपलब्ध असतात. कोणता मार्ग योग्य हे गंज किती दिसतो यापेक्षा पत्रा किती शिल्लक आहे यावर ठरते.

रचना व स्थान

पोलादी इंधनटाकी सामान्यतः दाबयंत्रावर घडवलेल्या दोन अर्ध्या भागांची असते. हे भाग कडेच्या पाळीवर वेल्डिंगने जोडलेले असतात. इंधन हिंदकळू नये म्हणून आत आडवे पडदे बसवलेले असतात. अनेक उत्पादक पत्र्यावर शिसे व कथील यांच्या मिश्रधातूचा लेप देत असत. हा लेप झिजला किंवा ओरखडला गेला की त्याखालील पोलाद गंजू लागते. टाकीत इंधन शोषणारी नळी, तिच्या टोकाची जाळी आणि इंधनाची पातळी दाखवणारा तरंगक (फ्लोट) असतो.

टाकीचे स्थान मोटारीनुसार बदलते. फोर्ड मॉडेल टी या मोटारीच्या बहुतेक आवृत्त्यांत टाकी पुढच्या आसनाखाली होती, तर त्यानंतरच्या मॉडेल ए मध्ये ती चालकासमोरील फळीच्या पुढे होती. फोक्सवॅगन बीटलमध्ये इंजिन मागे असल्याने टाकी पुढील झाकणाखाली आढळते. १९६०च्या दशकातील फोर्ड मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्राच सामानकक्षाचा तळ म्हणून काम करतो. ब्रिटिश एमजीबी मोटारीत टाकी सामानकक्षाच्या तळाखाली बसवलेली असते. या दोहोंमधील अरुंद फटीत चिखल व ओल साचून टाकीचा वरचा पृष्ठभाग गंजतो. तो भाग टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाही.

गंजण्याची कारणे

जुन्या टाक्यांचा वायुमार्ग बहुधा झाकणातून थेट बाहेर उघडतो. दिवसा तापलेल्या टाकीतून वाफ बाहेर जाते आणि रात्री थंड होताना दमट हवा आत येते. या हवेतील बाष्प इंधनाच्या पातळीवरील उघड्या पत्र्यावर दवासारखे जमते. म्हणून अर्धवट भरलेली टाकी वरच्या बाजूस अधिक गंजते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते शेवटी तळाशी साचते आणि तेथे पत्र्याला सूक्ष्म खड्डे व छिद्रे पडतात.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे या प्रक्रियेत भर पडते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी थर धरतात. हा थर धातूस अधिक घातक असतो. इथेनॉल टाकीतील जुना चिकट साका सैल करते आणि जुन्या धाटणीच्या रबरी नळ्यांनाही इजा पोहोचवते. भारतात २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२३ पासून २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. त्यामुळे पडून राहणाऱ्या जुन्या मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला आहे.

लक्षणे व तपासणी

इंधनगाळणीत तपकिरी भुकटी आढळणे, कार्ब्युरेटरची जेट वारंवार तुंबणे, मोटारीभोवती पेट्रोलचा वास येणे आणि टाकीच्या शिवणीवर ओलसर डाग दिसणे ही प्रमुख लक्षणे होत. वेगात असताना इंजिन अडखळून बंद पडणे व काही मिनिटांनी पुन्हा सुरळीत सुरू होणे हे विशेष सूचक लक्षण मानले जाते. इंधन शोषले जात असताना गंजाचे कण नळीच्या जाळीवर चिकटतात आणि शोषण थांबले की ते खाली बसतात. हा दोष अनेकदा इंधनपंपाचा किंवा प्रज्वलनाचा समजला जातो.

टाकी उतरवल्यानंतर तरंगकाच्या छिद्रातून आतील भाग पाहिला जातो. वरवरची तांबूस भुकटी हे सौम्य गंजाचे, तर पापुद्रे व खोल खड्डे हे गंभीर गंजाचे चिन्ह आहे. बाहेरून टोच्याने दाबल्यास पत्रा दबला, तर तो भाग निकामी समजतात. स्वच्छ केलेल्या टाकीची तोंडे बंद करून आत अत्यल्प दाबाची हवा भरतात व बाहेरून साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहतात. टाकी दाब सहन करण्यासाठी बनवलेली नसल्याने जास्त दाब दिल्यास ती फुगते किंवा शिवणीवर फाटते.

सुरक्षितता

रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असू शकते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असताना मिश्रण पेट घेते, आणि नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत अशी स्थिती सहज निर्माण होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत व दुरुस्तीच्या खड्ड्यात साचते. पाण्याने विसळल्यानंतरही शिवणीत व गंजाच्या थरात अडकलेले इंधन पुन्हा वाफ सोडत राहते. त्यामुळे केवळ वास येत नाही म्हणून टाकी सुरक्षित ठरत नाही.

याच कारणास्तव टाकी उतरवण्याचे काम मोकळ्या हवेत, बॅटरी सोडवून आणि ठिणगी न पाडणाऱ्या पितळी अवजारांनी केले जाते. वेल्डिंगपूर्वी टाकी वाफेने वा उकळत्या क्षारयुक्त पाण्याने धुऊन नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूने भरणे आवश्यक असते. हे काम प्रशिक्षित कारागिराकडे सोपवले जाते. काढलेले जुने इंधन गटारात वा जमिनीवर ओतणे घातक आहे. शिसेयुक्त लेप घासताना उडणारी धूळ विषारी असते.

स्वच्छता व दुरुस्ती

सौम्य गंज काढण्यासाठी टाकीत नटबोल्ट, साखळी किंवा टोकदार खडी घालून ती सर्व बाजूंनी फिरवली जाते. आतील पडद्यांमुळे काही कोपरे या पद्धतीने सुटतात. रासायनिक पद्धतीत फॉस्फरिक आम्ल किंवा सायट्रिक आम्ल (लिंबूसत्त्व) यांचे द्रावण वापरतात. फॉस्फरिक आम्लामुळे लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर तयार होतो. हायड्रोक्लोरिक आम्ल वेगाने काम करते, परंतु ते चांगला पत्राही खाते.

विद्युतविश्लेषण पद्धतीत टाकी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाने भरतात. बॅटरी चार्जरचे ऋण टोक टाकीला आणि धन टोक आत लोंबकळत्या लोखंडी सळईला जोडतात. सळईचा टाकीला स्पर्श होऊ दिला जात नाही. या क्रियेत ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडतो. म्हणून इंधनाचा अंश पूर्णतः काढल्यानंतर व उघड्यावरच ती केली जाते. स्टेनलेस स्टीलची सळई वापरल्यास विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात, म्हणून ती टाळतात. स्वच्छ झालेला उघडा पत्रा काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होतो. त्यामुळे धुतल्यानंतर टाकी त्वरित व पूर्णपणे वाळवणे आवश्यक असते.

बारीक छिद्रे डाख देऊन, तर मोठी छिद्रे नवा पत्रा जोडून बुजवली जातात. रस्त्यात गळती झाल्यास साबणाची वडी छिद्रावर घासण्याची रीत प्रचलित आहे, कारण साबण पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. हा उपाय केवळ तात्पुरता असतो. दुरुस्तीनंतर आतून इपॉक्सीसारख्या राळेचा लेप देता येतो. गंज, तेल किंवा ओलावा शिल्लक असल्यास हा लेप पापुद्र्यांच्या रूपात सुटून इंधनमार्ग तुंबवतो. इथेनॉलला दाद न देणारा लेप निवडणे आवश्यक असते. लेपामुळे छिद्र झाकले जाते, पण कुजलेल्या पत्र्याला बळकटी येत नाही.

टाकी बदलणे

शिवण कुजलेली असल्यास, पत्रा अनेक ठिकाणी पातळ झाला असल्यास किंवा पूर्वीचा लेप सुटत असल्यास टाकी बदलणे श्रेयस्कर ठरते. एमजीबी, मस्टँग, बीटल यांसारख्या लोकप्रिय मोटारींच्या नव्याने बनवलेल्या टाक्या बाजारात मिळतात. दुर्मीळ मोटारींसाठी जुन्या टाकीच्या मापाने नवी टाकी घडवून घ्यावी लागते. त्यासाठी स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियमही वापरतात. ॲल्युमिनियमची टाकी पोलादी पट्ट्यांना थेट टेकल्यास ओलाव्यात ती झिजते, म्हणून मध्ये रबर घालतात. नव्या टाकीचे झाकण मूळ वायुमार्गाशी सुसंगत नसल्यास आत निर्वात निर्माण होऊन इंधनपुरवठा खंडित होतो. नव्या रंगामुळे टाकीचा वाहनाच्या सांगाड्याशी विद्युतसंपर्क तुटल्यास पातळीदर्शक काटा चुकीचे मूल्य दाखवतो.

मौलिकता व भारतातील स्थिती

मूळ टाकी राखावी की बदलावी, हा प्रश्न वाहनवारशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिची ट्यूरिन सनद मूळ भाग शक्य तितके जतन करण्यावर भर देते. भारतात २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या खाजगी दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम लागू झाले. सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा, अशी त्यांत अट आहे.

कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्यात तयार झालेली हिंदुस्तान ॲम्बेसेडर यांचे उत्पादन आता बंद आहे. त्यांच्या टाक्या मुंबईतील कुर्ला, चोरबाजार यांसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत शोधल्या जातात. कोकणासारख्या दमट व खाऱ्या हवेच्या किनारी प्रदेशात अशा वापरलेल्या टाक्याही गंजलेल्या असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून त्यांची वरील पद्धतीने तपासणी केली जाते. दुरुस्त केलेल्या किंवा नव्या टाकीचे आयुष्य वाढवण्यासाठी मोटार ठराविक काळाने चालवणे, पावसाळ्यात टाकी जवळजवळ भरलेली ठेवणे आणि तळाचा बूच असल्यास तो उघडून साचलेले पाणी काढणे हे प्रतिबंधक उपाय होत.