भोवऱ्याची जाळी

दिवाळीच्या सुटीआधीचा आठवडा आमच्या शाळेत अभ्यासाचा नसतोच. मुलांचे मन किल्ल्याच्या मातीत आणि गुरुजींचे फराळाच्या वासात! एका वर्षी मी ठरविले, माती तर माती. वर्गातच पणत्या आणि बोळकी करू. कुंभाराचे चाक कुठून आणणार? म्हणून फर्मान काढले, “घरात जे सापडेल ते हत्यार घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी टेबलावर बाजार भरला. लाटणे, मोडका कंगवा, दाभण, छत्रीची काडी, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा आणि फुटक्या करवंटीचे तुकडे. करवंटीच्या घासलेल्या कडेने बोळक्याचे पोट किती सुरेख गुळगुळीत होते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. कंगव्याने रेघा, दाभणाने ठिपके, तळ सोडवायला ताणलेला दोरा.

एका मुलाने काहीच आणले नव्हते. पण शाळेत भोवरा आणायला बंदी असूनही त्याच्या खिशात भोवऱ्याची जाळी होती. माझी पाठ वळताच त्याने ती ओल्या बोळक्यावर ठेवून तळहाताने लाटली. मी रागावायला गेलो आणि तसाच थांबलो. बोळक्यावर तिरप्या दाण्यांच्या ओळी उमटल्या होत्या, कणसासारख्या. ही नक्षी मी चित्रात पाहिली होती. ती जपानची.

१८७७ साली एडवर्ड मोर्स नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ समुद्रातले शिंपल्यांसारखे जीव अभ्यासायला जपानात गेला. योकोहामाहून टोकियोला जाताना ओमोरीजवळ, रुळांसाठी कापलेल्या उतारात, त्याला आगगाडीतून शिंपल्यांचा थर दिसला. (आपण गाडीत बसलो की आधी फराळाचा डबा उघडतो, हा माणसामाणसांतला फरक!) तिथे खणल्यावर खापरे निघाली आणि त्यांवर दोरीचे ठसे. मोर्सने त्यांना ‘दोरीच्या ठशांची भांडी’ म्हटले. त्याचेच जपानीत ‘जोमोन’ झाले आणि हजारो वर्षांच्या एका अख्ख्या युगाला ते नाव मिळाले. त्यातली पहिली खापरे सोळा हजार वर्षांपूर्वीची आहेत. पण ही नक्षी उमटते कशी? १९३१ मध्ये यामानोउची सुगाओ या अभ्यासकाने त्याचा उलगडा केला. पुष्कळ ठिकाणी दोरी नुसती दाबलेली नव्हती, तर ओल्या मातीवर लाटलेली होती. आमच्या वर्गात मागच्या बाकावर झालेला शोध तो हाच!

भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी शिंपल्याची दातेरी कड मातीत दाबून नक्षी काढली. झेक देशात दोल्नी व्हेस्तोनित्से येथे तर सुमारे सत्तावीस हजार वर्षांपूर्वीची भाजलेल्या मातीची ढेकळे सापडली. भांडी नव्हेत, पण त्यांवर विणलेल्या कापडाचे आणि दोऱ्यांचे ठसे आहेत. दोरी कुजते, कापड कुजते, चटई कुजते. ती वळणारे, विणणारे हात तर केव्हाच गेलेले. त्या घरात दोरी होती, ती अमुक बाजूला पिळलेली होती, एवढी साक्ष द्यायला चिखल तेवढा उरला.

आपल्याकडे प्रवरेकाठी जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केले. तिथली चाकावरची लाल भांडी, त्यांवरच्या काळ्या रेघा आणि लांब तोटीची पात्रे प्रसिद्धच आहेत. पाहणारे त्यांच्यापुढे थांबतात, आणि थांबावेच. माझे लक्ष मात्र त्याच लोकांच्या हाताने घडविलेल्या जाड्याभरड्या भांड्यांवर जाते. त्यांना बाहेरून मातीची एक पट्टी चिकटवलेली असते आणि करंजीला मुरड घालावी तशी ती बोटांच्या टोकांनी दाबत नेलेली असते. हत्यार म्हणून घरात काही नसले तरी बोट होतेच.

त्या काळी नेवासे आणि इनामगाव येथे मूल दगावले तर ते घराच्याच जमिनीखाली पुरीत, दोन रांजण आडवे करून, तोंडाला तोंड लावून. रानात नेत नसत. ज्या हातांनी त्या घरात मुरडी घातल्या, त्याच हातांनी ते रांजणही उचलले असतील काय? खापर एवढे बोलत नाही.

आमची बोळकी मी गावातल्या कुंभाराकडे भाजायला दिली. त्या मुलाचे आव्यातून दोन तुकडे होऊन आले. कुंभार म्हणाला, “गुरुजी, वरून वाळलं व्हतं, आतून वलंच. घाई केली तुमी.” घाई माझीच होती. मुलाला कसे सांगावे या विवंचनेत मी तुकडे त्याच्या पुढ्यात ठेवले. त्याने ठसे अंगठ्याने चाचपले, एक तुकडा खिशात घातला, दुसरा मला दिला. मग हात पुढे करून म्हणाला,

“गुरुजी, माझी जाळी?”