शंकरपाळी आणि तास

चैत्रातली दुपार. गंगाखेडच्या घाटापासून जरा पुढं, नदीच्या पात्रात तुम्ही उभे आहात. इथं गोदावरीला गोदावरी कोण म्हणतं, ती गंगाच. पाणी पार तळाला गेलंय आणि काठाची दरड उघडी पडलीय: वर काळी माती, खाली पिवळा गाळ, त्यात चुनखडीचे खडे. दरडीला पाठ टेका. डोळे मिटा. एक लाख वर्षं मागं.

घाट नाही, देऊळ नाही, ऊस नाही. कमरेएवढं गवत. पाण्यातून फुस्स आवाज येतो. पाणघोडा! हो, आपल्या गंगेत.

मग गवत दुभंगतं आणि तो येतो. खांद्यापाशी चार मीटरच्या वर. सवयीनं तुमची नजर कानांकडं जाते, पण आधी डोकं बघा. आपल्या हत्तीच्या माथ्यावर दोन उंचवटे, मधे खळगा. आफ्रिकेतल्याचा माथा उतरता, एकसंध. याच्या कपाळावर मात्र हाडाचा जाड कंगोरा पुढं आलाय, पावसात घोंगडीची खोळ ओढून घ्यावी तसा. सुळे जवळजवळ सरळ. हा पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकस. याच नदीवर, वर नांदूर मध्यमेश्वरला याची कवटी निघाली आणि गाय पिलग्रिम यांनी 1905 साली तिच्यावर लिहिलं.

काठावर एक म्हातारी हत्तीण मरून पडलीय. जबडा उघडा आहे. वाका, दाढेवरून बोट फिरवा. कानांचा आकार, सोंडेच्या टोकाला बोट एक (आपल्या हत्तीला) की दोन (आफ्रिकेतल्याला), या खुणा मातीत टिकत नाहीत. दाढ टिकते. आपल्या हत्तीच्या दाढेवर अरुंद आडव्या रेघा, वावरातल्या तासांसारख्या शेजारी शेजारी. आफ्रिकेतल्याच्या दाढेवर शंकरपाळ्या. आणि इथं, तुमच्या बोटाखाली? तासच आहेत, पण प्रत्येक तास मधोमध किंचित फुगलाय, शंकरपाळीकडं झुकलाय.

या कुळाला पुष्कळ वर्षं आपल्या हत्तीच्या पंगतीत बसवलं गेलं. 2017 साली याच्या युरोपातल्या भाऊबंदांचा डीएनए जर्मनीत निघालेल्या हाडांतून मिळाला, तेव्हा जवळचं नातं जुळलं ते आफ्रिकेतल्या जंगली हत्तीशी. मला ही गोष्ट फार हलवून जाते. आपल्या काळ्या मातीखाली झोपलेला हा प्राणी, आणि त्याचे सोयरे काँगोच्या रानात.

हत्तिणीची ही दाढ शेवटची. प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, आयुष्यभरात सहाच दाढा मिळतात, एकीमागून एक. हिची सहावी झिजून गुळगुळीत झालीय. गवत चावता येईना म्हणून ती पाण्याकाठच्या मऊ लव्हाळ्यापाशी आली असणार.

तो मोठा नर जवळ येतो. तुम्ही मागं सरकता. तो सोंड तिच्या जबड्यावर ठेवतो, बराच वेळ तशीच ठेवतो, मग पाण्यात उतरून पलीकडं जातो.

आषाढात पूर येईल. पहिला गाळ तिच्या दाढेवर बसेल, पिवळा.