तळटीप १२ : कमी गंधकाचे डिझेल

इनामगाव परिसरात, घोडकाठच्या रस्त्यांवर ऊस ओढणारे ट्रक-ट्रॅक्टर आज ज्या डिझेलवर धावतात, त्यात दर दहा लाख भागांत फार तर १० भाग गंधक असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकाची ही मर्यादा. बीएस-४ मध्ये ती ५० होती. तेलशुद्धीकरण कारखान्यात (मुंबईत माहुलला असे दोन आहेत) डिझेल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून, मोठ्या दाबाखाली, हायड्रोजनसह कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून सोडतात. गंधक हायड्रोजनशी जुळते आणि हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपाने सुटते. सर्वांत चिवट डायबेन्झोथायोफिनची काही संयुगे : त्यांत गंधकाच्या दोन्ही अंगांना मिथिल गट असे खेटून बसलेले असतात की उत्प्रेरकाला ते सहजी गाठताच येत नाही. शेवटच्या त्या थोड्या गंधकापायीच खर्च वाढतो. तो करायलाच हवा होता. गंधकाने धुरातले सूक्ष्म कण वाढतात, नव्या ट्रकमधील धूर शुद्ध करणारी यंत्रणा बिघडते आणि तो धूर गाडीमागून चालणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या छातीत जातो. सुटलेल्या वायूपासून कारखान्यातच पिवळे गंधक परत मिळवतात. उसाचा रस स्वच्छ करायला अनेक साखर कारखाने गंधकच जाळतात. — संपा.