फोनचे पैसे कोणी भरायचे?

आज घराघरात मोबाईल आहे. पण फोन म्हटलं की आधी पैशांचा विचार यायचा, ते दिवस काही फार जुने नाहीत. सुप्याहून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. माहेरी फोन लागला की कान आईच्या आवाजाकडे आणि डोळे मीटरच्या लाल आकड्यांकडे! रात्री दर उतरायचे, म्हणून जेवणं उरकून रांगेत उभं राहायचं. किती बोलायचं, हे मुठीतले पैसे ठरवायचे.

मग ज्याची मूठच रिकामी, त्यानं बोलायचं कसं?

मुंबईत रस्त्यावर आणि रेल्वे स्टेशनांवर राहणाऱ्या मुलांसाठी याचं एक उत्तर निघालं. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी चाइल्डलाइन सुरू केली. नंबर १०९८. दहा-नऊ-आठ, उलटे आकडे, शाळेत न गेलेल्या लेकरालाही पाठ होतील असे. फोन करणाऱ्या मुलाला एक पैसा पडत नाही. आपल्या शेतकऱ्यांसाठी २००४ च्या जानेवारीत किसान कॉल सेंटर आलं. तिथेही फोन फुकट, आणि सल्ला मराठीत. त्याचा नंबर १८००-१८०-१५५१.

व्यापारात ही रीत अमेरिकेत १९६७ साली सुरू झाली. फोन गिऱ्हाइकानं करायचा, बिल कंपनीनं भरायचं. आपल्याकडचे १८०० चे नंबर त्याच जातीचे. हा नंबर कुठल्या एका टेबलावरच्या फोनचा नसतो. आपण तो लावला की टेलिफोन यंत्रणा त्यामागचा खरा नंबर शोधते, फोन तिकडे जोडते आणि खर्च कंपनीच्या नावावर मांडते. म्हणजे 'फुकट' याचा अर्थ एवढाच, की पैसे दुसरं कोणीतरी भरतंय.

१८६० हे त्याचं भावंड, पण स्वभाव वेगळा. इथे आपण लोकल कॉलचे पैसे द्यायचे, वरचा खर्च कंपनीचा. एसटीडी महाग होतं तेव्हा ही मोठी सवलत होती. आता काळ उलटला. महिन्याच्या रिचार्जमध्ये देशभर बोलता येतं, पण १८६० चा नंबर बऱ्याचदा त्या पॅकमध्ये धरत नाहीत. 'कृपया प्रतीक्षा करा' ऐकत आपण गाणं ऐकतो आणि तिकडे बॅलन्स कापला जातो. कालची सवलत आज भुर्दंड झाली. म्हणून दोन्ही नंबर छापलेले असतील तर आधी १८०० लावा.

आणि एक. नंबर घ्यायचा तो पासबुकावरून, कार्डाच्या मागून किंवा बिलावरून. इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर भामट्याचाही असू शकतो. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर कळवा. संकटात ११२, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. हे तीन नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. रिचार्ज संपला म्हणून कुणा बाईला गप्प बसावं लागू नये, यासाठीच ते आहेत.