पाचव्या चाकावरचं घर

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका विक्रेत्याने आमच्यापुढे टेबलावर राहत्या ट्रेलरांचे अकरा नकाशे पसरले. मुलांसाठी बंक असलेले चार त्याने स्वतःच बाजूला सारले आणि उरलेल्या सातांवर तळहात ठेवून म्हणाला, "हे जोडप्यांसाठी." नवऱ्याचं लक्ष बाहेर उभ्या असलेल्या पिकअप ट्रकवर होतं. मी चष्मा पुसून नकाशांत शिरले. पुण्यात पाच वर्षं आणि मग मिशिगनमध्ये कॅलमाझूला तीस वर्षं मी लोकांच्या घरांचे नकाशे काढले, पण साडेआठ फूट रुंदीचं घर कधी हाती आलं नव्हतं. सातांपैकी सहा नकाशांत निजायची खोली एकाच जागी होती: सगळ्यात पुढे, तीन पायऱ्या चढून, ट्रकच्या पाठीवर. स्वयंपाकघर, सोफा, न्हाणीघर यांच्या जागा बदलत होत्या. सातव्यात वर बैठक होती आणि बिछाना खाली मागे, पण तो उंच मजला तिथेही होताच.

"हा माळा काढूनच टाकता येत नाही का?" मी विचारलं.

"मग ते फिफ्थ व्हील राहणार नाही," तो म्हणाला.

आमच्याकडे कोणताही नकाशा आला की मी आधी विचारायची, ही भिंत इथे का? कधी उत्तर पाण्याच्या नळात सापडतं, कधी शेजाऱ्याच्या हट्टात. या माळ्याचं उत्तर शोधायला मला घोडागाडीपर्यंत मागे जावं लागलं.

पुण्याचा टांगा दोन चाकांचा. घोडा वळला की टांगा वळला. बैलगाडीचंही तेच. चार चाकांची गाडी आली की पंचाईत सुरू होते, कारण पुढचा आस वळल्याशिवाय गाडी वळत नाही आणि आस तर वरच्या सांगाड्याला धरून असायला हवा. त्यावर गाडी बनवणाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे पुढच्या आसावर आडवं निजवलेलं एक लोखंडी कडं. त्यावर गाडीची पेटी टेकते आणि खाली आस मोकळा फिरतो. चार चाकं रस्त्यावर, हे पाचवं आडवं, म्हणून फिफ्थ व्हील. मुंबईची व्हिक्टोरिया अशीच चार चाकांची. मी आठ वर्षांची असताना गेटवेसमोर एका व्हिक्टोरियाची पुढची चाकं वळताना जवळजवळ बैठकीखाली शिरलेली पाहून घाबरले होते. वाटलं, मोडली गाडी. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने हौशी फेऱ्यांच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि मुंबईतून ते कडं गेलं. इथे, आमच्यापासून तासभरावर, उत्तर इंडियानातल्या शिपशेवानाच्या बाजारात मोटारीऐवजी घोडागाडी वापरणाऱ्या आमिश लोकांच्या बग्ग्या रांगेने बांधलेल्या असतात. वाकून पुढच्या आसावर नजर टाका, ते दिसेल.

हे कडं घराखाली आणणाऱ्या माणसाचं नाव ग्लेन कर्टिस. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्टचा हा सायकलवाला. १९०७ मध्ये फ्लोरिडाच्या वाळूवर स्वतः बनवलेल्या मोटरसायकलवरून ताशी १३६ मैलांचा वेग त्याने गाठला. पुढच्या वर्षी ४ जुलैला 'जून बग' नावाचं विमान लोकांसमोर उडवून करंडक मिळवला. राइट बंधूंशी त्याची कोर्टबाजी वर्षानुवर्षं चालली. विमानांतून पैसा मिळाल्यावर तो फ्लोरिडात जमिनी विकसित करायला गेला. हायलीआ, मायामी स्प्रिंग्ज, ओपा-लोका ही गावं त्यातूनच उभी राहिली. याच ओपा-लोकात १९२८ च्या सुमारास त्याचा 'एरोकार' बनू लागला. लाकडी काड्या आणि ताणलेल्या तारा यांचा हलका सांगाडा, म्हणजे तेव्हाच्या विमानाचंच अंग, फक्त पंख नाहीत. आणि जोडणीसाठी त्याने विमानाचं हवा भरलेलं चाक मोटारीच्या मागच्या आसावर आडवं ठेवलं. ट्रेलरच्या नाकातली खुंटी त्या चाकाच्या मधोमध बसायची. रस्त्याचे धक्के रबर पिऊन टाकायचं.

नवऱ्याला यातली रबराची युक्ती आवडली. माझं लक्ष जागेवर गेलं. ओझं मोटारीच्या शेपटीला न लटकता मागच्या आसावर येतं. बंपरला अडकवलेला ट्रेलर वाऱ्यात डुलतो, कारण त्याला लांब तरफ मिळते. आसावर टेकलेला बऱ्यापैकी गुमान चालतो. पण त्यासाठी ट्रेलरला मोटारीच्या अंगावर चढावं लागतं. विक्रेत्याच्या नकाशातला माळा इथे जन्मला. राहणाऱ्याच्या सोयीशी त्याचा काही संबंध नव्हता.

कर्टिस १९३० मध्ये गेला आणि एरोकारही पुढे दहाएक वर्षांत संपला. सामान्य माणसाचा ट्रेलर तोवर दुसऱ्याच वाटेने चालला होता. १९१९ मध्ये टॅम्पाच्या डी सोटो पार्कमध्ये 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची प्रवाशांची संघटना स्थापन झाली. फोर्डच्या गाड्या, तंबू, डब्यातलं जेवण असा त्यांचा थाट. त्यांना परवडणारा ट्रेलर बंपरला लावायचा होता. इंडियानातल्याच एल्कहार्टला आरव्हींच्या, म्हणजे अशा राहत्या गाड्यांच्या, संग्रहालयात १९१३ चा एक छोटा ट्रेलर आहे, फोर्डच्या मॉडेल टीमागे उभा. आत वाकून पाहिलं, तर दोन माणसांनी समोरासमोर बसून चहा प्यावा एवढी जागा. माळा नाही, नाक नाही. चेहऱ्यावरून आमच्या आजीच्या जेवणाच्या डब्याची आठवण झाली.

पाचवं चाक घरगुती ट्रेलरला पुन्हा भेटलं ते १९६० चं दशक सरताना. मधल्या काळात ते मालाच्या ट्रकांपाशी राहिलं. तोवर अमेरिकेत घरोघरी पिकअप आले होते आणि त्यांच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर, जोडणी ठोकायला आयती जागा होती. म्हणजे आज आपण ज्याला निजायची खोली म्हणतो तिचं माप मुळात शेतकऱ्याच्या हौद्यावरून आलं. हौदा आठ फुटांचा असेल तर वळताना अडचण नाही. पुढे हौदे आखूड झाले, साडेसहा फुटांचे, आणि काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा ट्रकच्या काचेला भिडू लागला. मग ट्रेलरांनी नाकाचे कोपरे गोल केले. आतल्या कपाटाचा कोपरा तिरका का, हे मला तेव्हा कळलं. ट्रकही उंच होत गेले, त्यांच्या हौद्याच्या कडा वर सरकल्या, ट्रेलरचं नाक वर उचलावं लागलं. बहुतेक राज्यांत उंचीची मर्यादा मात्र साडेतेरा फुटांची. खालून ट्रक ढकलतोय, वरून पूल दाबतोय, आणि मधल्या खोलीत सहा फूट उंचीचा माझा नवरा मान वाकवून सदरा घालतोय.

ट्रकच्या बाजूनेही हिशेब सांगायला हवा. बंपरच्या ट्रेलरचं नाक एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के ओझं गाडीवर टाकतं, पाचव्या चाकाचं वीस ते पंचवीस टक्के. बारा हजार पौंडांचा ट्रेलर म्हणजे हौद्यात चोवीसशे ते तीन हजार पौंड. आमचा जुना ट्रक त्यात बसत नव्हता. नकाशा बघायच्या आधी ट्रकच्या दारावरची वजनाची पाटी वाचा, एवढं मी आता प्रत्येकाला सांगते.

रुंदीची कथा वेगळी. रस्त्यावर आधी ९६ इंच चालत, पुढे १०२ इंचांना मोकळीक मिळाली. तरी आतून जेमतेम आठ फूट. त्यात ६० बाय ८० इंचांचा पलंग लांबीने टाकला तर दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट उरतं. आडवा टाकला तर पायथ्याशी सव्वा फुटाची वाट आणि भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री दुसऱ्याला ओलांडून जायचं. आमच्या वयात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

तो सुटला १९९० मध्ये, एल्कहार्टजवळच्या नॅपनीत. न्यूमार या कंपनीने भिंतीचा एक तुकडा खोलीसकट बाहेर सरकेल अशी सोय प्रवासी गाडीत आणली. इंग्रजीत तिला स्लाइड म्हणतात. मला वाड्याचा शब्द सुचतो: खण. वाड्यात जागा खणांत मोजायची, दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. हा सरकता खण. थांबलं की बाहेर, निघताना आत. दहा-पंधरा वर्षांत एका ट्रेलरला असे तीन-चार खण लागले आणि नकाशे बदलले. आडवा पलंग आला, मधोमध ओटा आला, दिवाणखान्यात समोरासमोर दोन सोफे आले. मर्यादा एकच, सगळे खण उघडून साधारण ४०० चौरस फूट. तिथवर अमेरिकी कायदा त्याला वाहन मानतो. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, तिला घर म्हणायला कोणी हरकत घेतली नव्हती.

पण खणाने एक नवी खोटही आणली, आणि ती छापील नकाशात दिसत नाही. नकाशा नेहमी उघड्या घराचा छापतात. मी विक्रेत्याला म्हटलं, "मिटलेल्याचा दाखवा." तसा नकाशा त्याच्याकडे नव्हता. मग आवारातल्या एकेका ट्रेलरमध्ये जाऊन आम्ही खण मिटवून पाहिले. एकात फ्रिजचं दार सोफ्यावर आपटून चार बोटं उघडलं. एकात न्हाणीघराकडे जायला ओट्यावरून चढावं लागलं असतं. महामार्गाच्या थांब्यावर वीस मिनिटं थांबायचं आणि त्यासाठी घराचे हातपाय पसरायचे, हे मला पटेना. एका चकचकीत ट्रेलरचा खण तर अर्ध्यातच अडला. विक्रेता खाली वाकून एका पट्टीला ढोसत राहिला, आणि आम्ही दोघं पायऱ्यांवर बसून वाट पाहिली.

आता वाद उरला तो मागच्या टोकाचा. नवऱ्याला मागे बैठक हवी होती: मोठी खिडकी, दोन आरामखुर्च्या, समोर तळं. जोडप्यांना सगळ्यात जास्त विकला जातो तो हाच नकाशा, असं विक्रेता म्हणाला. मला मागे स्वयंपाकघर हवं होतं. वाड्यातही ओसरी, माजघर आणि मग अगदी मागे स्वयंपाकघर असा क्रम होता, आणि त्याला कारण होतं. हिंगाची फोडणी बिछान्यापासून जितकी लांब तितकी बरी. पण शास्त्र नवऱ्याच्या बाजूने निघालं. चाकांच्या मागे लोंबणारं टोक रस्त्यावर सगळ्यात जास्त उसळतं. वाड्याला चाकं नव्हती. मागच्या कपाटांतल्या वाट्या रोज खाली पडणार, त्यापेक्षा खुर्च्या उसळलेल्या चालतील.

एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा इंडियानात गेलो, जुने ट्रेलर पाहायला. अमेरिकेतल्या अशा गाड्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक याच राज्यात बनतात, बहुतेक एल्कहार्टच्या आसपास. म्हणूनच २००९ मध्ये मंदीत इथली बेकारी वीस टक्क्यांच्या घरात गेली होती. कारखाने पहाटे सुरू होतात आणि दुपारी सुटतात. सुटताना काळ्या टोप्यांतले आमिश कामगार सायकलींवरून आणि भाड्याच्या व्हॅनमधून घरी निघालेले दिसले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी वीजवाहिनी नसते, आणि दिवसभर ते बटणावर सरकणारे खण बसवतात. एका चौकात आमच्या ट्रकपुढे बग्गी होती. घोडा डावीकडे वळला, पुढची चाकं बैठकीखाली शिरली, मी नवऱ्याचा दंड धरला. "बघ, पाचवं चाक!" तो म्हणाला, "सिग्नल बघू दे."

घेतला तो दहा वर्षं जुना, ३१ फुटांचा, तीन खणांचा. मागे बैठक, मध्ये ओटा, वर निजायची खोली, जिथे नवरा अजूनही वाकूनच उभा राहतो. तिन्ही खण मिटलेले असताना न्हाणीघराचं दार पूर्ण उघडतं, आणि थांब्यावर गाडी लावल्यापासून चहाचा कप हातात यायला नऊ मिनिटं लागतात.