सोयरिकीचा छंद आणि दर्जाची उतरंड : 'एमा'चे एक ऐतिहासिक वाचन

जेन ऑस्टिनच्या 'एमा' ह्या कादंबरीची चर्चा बहुधा नायिकेच्या आत्मवंचनेभोवती फिरते. एक देखणी, बुद्धिमान, धनवान तरुणी आपल्या परिचितांच्या सोयरिकी जुळवू पाहते, तिचे अंदाज एकामागून एक चुकतात, आणि अखेर तिला स्वतःच्याच मनाचा ठाव लागून सर्व काही सुरळीत होते, अशी ही कथा सांगितली जाते. ती तशी सांगण्यात वावगे काही नाही. परंतु एमाचे अंदाज नेमके कशाविषयी चुकले, हा प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो. तिला माणसांची मने कळली नाहीत, हे उत्तर अपुरे आहे. तिचा हिशेब चुकला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. १८१५ च्या सुमाराच्या इंग्रज ग्रामसमाजात जमीन, जन्म आणि पैसा ह्यांनी ठरविलेल्या पायऱ्यांवर कोण कोठे उभे आहे, ह्याचा तो हिशेब होय. असा हिशेब चुकला म्हणजे त्याचे मोल चुकणाराला द्यावे लागत नाही. ते खालच्या पायरीवरील माणसाकडून वसूल होते.

कादंबरीचे लेखन जानेवारी १८१४ ते मार्च १८१५ ह्या काळात झाले. डिसेंबर १८१५ मध्ये जॉन मरे ह्या प्रकाशकाने ती तीन भागांत प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर मात्र १८१६ हे वर्ष आहे आणि लेखिकेचे नाव नाही. नेपोलियनशी चाललेले युद्ध त्याच वर्षी वॉटर्लूला संपले होते. त्याच वर्षी जमीनदारांच्या हिताचा धान्यविषयक कायदाही संमत झाला होता. ह्यांपैकी कशाचाही गवगवा कादंबरीत नाही. लंडनपासून सोळा मैलांवर सरे परगण्यात कल्पिलेले हायबरी हे गाव, तेथली पाचसात घरे, त्यांच्या भेटीगाठी आणि जेवणावळी एवढाच तिचा विस्तार. मात्र ह्या अल्प विस्तारात दर्जाची उतरंड इतकी बारकाईने रचलेली आहे की सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने ही कादंबरी साधन म्हणून वापरावी.

उतरंडीच्या माथ्याजवळ एमा वुडहाउस आहे. वय एकवीस वर्षांच्या आतबाहेर, आई नाही, थोरली बहीण लग्न होऊन लंडनला गेलेली, वडील सतत प्रकृतीच्या काळजीत, आणि स्वतःच्या नावावर तीस हजार पौंड. ही रक्कम ध्यानात घेतल्याविना तिचा सोयरिकीचा छंद समजणार नाही. तत्कालीन इंग्रज कायद्यानुसार विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होई. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी हे चित्र पालटले. श्रीमंत घराणी करारनाम्यांनी ह्यातून काही वाट काढीत, हे खरे. परंतु एकंदरीत पाहता अविवाहित धनवान स्त्रीला जे स्वातंत्र्य होते ते लग्नाने वाढण्यापेक्षा आटण्याचाच संभव अधिक. एमा हे जाणते. हॅरिएटजवळ ती सांगतेही की अविवाहित स्त्री हास्यास्पद ठरते ती दारिद्र्यामुळे. पैसा असेल तर तिची प्रतिष्ठा कोणी हिरावून घेत नाही. ह्या सिद्धान्ताची दुसरी बाजू गावातच राहते. मिस बेट्स ही दिवंगत धर्मोपदेशकाची प्रौढ अविवाहित मुलगी वृद्ध आईसह तुटपुंज्या मिळकतीत दिवस कंठते आणि शेजाऱ्यांनी पाठविलेल्या मांसाच्या वाट्याबद्दल किंवा सफरचंदांबद्दल तोंडभर आभार मानते. तिची भाची जेन फेअरफॅक्स गुणांनी एमाहून सरस आहे. पण पैसा नसल्यामुळे परक्या घरी गव्हर्नेसची चाकरी हेच तिचे भवितव्य ठरू पाहते.

म्हणजे लग्न हा ज्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे अशा स्त्रियांमध्ये, जिला लग्नाची गरज नाही अशी एकच तरुणी लग्ने जुळविण्याचा खेळ मांडते. आपल्या साहित्यातील मध्यस्थ आठवून पाहिला की हे वेगळेपण ठसठशीत होते. देवलांच्या 'संगीत शारदा' (१८९९) मधील भद्रेश्वर दीक्षित हा सोयरिकीचा धंदा करतो. त्यात त्याचा उघड लाभ आहे आणि म्हणून त्याला ओळखणे सोपे आहे. एमाला एक पैदेखील नको. इंग्रज समाजात वधूवरांची संमती तत्त्वतः मान्य झाली होती; वडीलधाऱ्यांच्या हाती मुख्यतः नकार उरला होता; धंदेवाईक मध्यस्थाचे काम नृत्याच्या बैठकी आणि परस्परांच्या भेटी करीत. ह्या मोकळ्या झालेल्या जागेत एमासारखी हौशी व्यक्ती शिरू शकते. निरपेक्ष असल्यामुळे आपण निर्दोष आहोत, असेही तिला वाटते. आपल्या गव्हर्नेसचे, मिस टेलरचे, वेस्टनशी झालेले लग्न आपणच जुळविले, अशी तिची समजूत. तो केवळ बरोबर ठरलेला तर्क होता, असे नाइटली बजावतात, पण व्यर्थ.

हॅरिएट स्मिथ ही तिच्या प्रयोगाची वस्तू. वय सतरा, रूप गोड, बुद्धी बेताची. गावातल्या शाळेत कोणीतरी खर्च देऊन ठेवलेली अनौरस मुलगी. पिता अज्ञात. अनौरस अपत्याला त्या काळच्या कायद्यात वारसाहक्क नव्हता. ह्या मुलीला रॉबर्ट मार्टिन हा चोवीस वर्षांचा शेतकरी मागणी घालतो. नाइटलींच्या डॉनवेल जहागिरीतील अ‍ॅबी-मिल हे शेत तो खंडाने करतो.

येथे मराठी वाचकाने थोडे सावध राहिले पाहिजे. 'कूळ' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे सावकाराच्या दारी ताटकळणारा गांजलेला माणूस उभा राहतो. १९४८ च्या मुंबई कूळकायद्यामागे अशाच माणसांचा इतिहास होता. मार्टिन तसला नव्हे. त्याच्या घरी दोन चांगले दिवाणखाने आहेत, आठ गाई आहेत, बागेत बसायला छोटेखानी घर आहे. त्याच्या लोकरीला आसपासच्या कोणाहीपेक्षा अधिक भाव आलेला आहे. तो शेतीविषयक अहवाल वाचतो. १७९३ मध्ये स्थापन झालेल्या कृषिमंडळाने परगण्यापरगण्यांच्या शेतीची पाहणी प्रसिद्ध केली होती. सुधारणेची आच असलेला शेतकरी असले वाङ्मय वाची. युद्धकाळातील चढ्या भावांनी ह्या वर्गाला बरे दिवस दाखविले होते. अशा माणसाने, जिच्या बापाचे नाव ठाऊक नाही अशा मुलीला सन्मानाने मागणी घालावी, ह्यात औदार्य कोणाचे हे सांगावयास नको. एमा मात्र हॅरिएटचा पिता कोणी थोर गृहस्थ असणार, असे गृहीत धरते. त्या कल्पित पित्याच्या बळावर ती मार्टिनला हलका ठरविते. त्याचे पत्र तिच्या अपेक्षेहून चांगले निघते. तेव्हा ते त्याच्या बहिणीने लिहिले असावे, अशी शंका ती काढते.

नकार देण्याचा सल्ला तिने उघडपणे दिलेला नाही. निर्णय तुझा तूच घे, असे ती पुनःपुन्हा म्हणते आणि प्रत्येक वेळी तो निर्णय कोणता असावा हे सुचविते. हा प्रसंग लेखिकेने हाती घेतला त्याच वर्षी ती स्वतः अशाच पेचात सापडली होती. तिची पुतणी फॅनी नाइट ही त्या वेळी एकवीस वर्षांची होती. १८०८ मध्ये आई वारल्यापासून केंट परगण्यातील गॉडमरशॅमच्या मोठ्या घराची ती मालकीण झाली होती. एका तरुणाशी लग्न करावे किंवा कसे, ह्याविषयी तिने आत्याचा सल्ला मागितला. नोव्हेंबर १८१४ मधील दोन पत्रांत ऑस्टिनचे मन हेलकावे खाताना दिसते. प्रथम ती त्या तरुणाचे गुण सांगते, मग प्रेमाविना लग्न करू नये असे सुचविते, आणि शेवटी माझ्या मतावर काहीही अवलंबून ठेवू नकोस, केवळ स्वतःच्या भावनेने ठरव, असे कळकळीने लिहिते. शब्द जवळजवळ एमाचेच. परंतु एमाच्या तोंडी जे ढोंग आहे ते येथे भय आहे. १८०२ मध्ये स्वतः एका श्रीमंत तरुणाला रात्री होकार देऊन सकाळी तो मागे घेतलेल्या स्त्रीला ह्या भयाचे वजन ठाऊक होते. फॅनीने त्या तरुणाशी लग्न केले नाही; १८२० मध्ये ती एका विधुर सरदाराची पत्नी झाली. फॅनी म्हणजेच एमा, असे मला सुचवावयाचे नाही. असल्या तर्कांनी टीकेचे भले होत नाही. सल्ला देणाराची जबाबदारी हा विषय लेखिकेच्या पुढ्यात जिवंत होता, एवढेच.

एल्टनच्या प्रकरणावर फार थांबण्याचे कारण नाही. गावच्या ह्या धर्मोपदेशकाची नजर एमाच्या तीस हजारांवर आहे, हे ती सोडून बहुतेकांना दिसते. नाताळच्या आदल्या रात्री घोडागाडीत तो तिलाच मागणी घालतो आणि हॅरिएटचे नाव निघताच संतापतो. प्रत्येकाची पायरी असते, हे तोच तिला सुनावतो. पुढे ब्रिस्टलहून तो सुमारे दहा हजार पौंडांची वधू आणतो. त्याचा हिशेब पक्का होता.

टीकाकारांनी ह्या वर्गजाणिवेची दखल घेतलेली आहे. आर्नल्ड केटल ह्यांनी १९५१ मध्ये तिच्या मर्यादांचा प्रश्न उपस्थित केला, आणि लायोनेल ट्रिलिंग ह्यांनी १९५७ च्या प्रस्तावनेत मार्टिनविषयीची एमाची तुच्छता ही गंभीर चूक मानली. पण ट्रिलिंग ह्यांची चिंता मुख्यतः एमाची आणि इंग्लंडची आहे. हॅरिएटचे काय झाले हे पाहावयाचे तर एका लहानशा प्रसंगाकडे वळावे लागते. आदल्या उन्हाळ्यात हॅरिएट मार्टिनच्या घरी सहा आठवडे आनंदात राहिली होती. नकारानंतर शिष्टाचार म्हणून तिने त्या घरी जावे, पण स्नेह वाढू नये, असे एमा ठरविते. आपल्या गाडीने तिला फाटकाशी सोडते आणि पाव तासाने परत नेते. आत प्रथम सारेच अवघडलेले. मग आई सहज म्हणते, हॅरिएट वाढली वाटते. खिडकीजवळच्या लाकडी तावदानावर गेल्या वर्षी मुलींच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा केलेल्या असतात; त्या खुणा रॉबर्टने केलेल्या. सगळ्यांना तो दिवस आठवतो, मने सैलावू लागतात, आणि एवढ्यात गाडी दाराशी येते. चौदा मिनिटे झालेली असतात. ही वागणूक क्रूर आहे हे एमालाही जाणवते, तरी ती आवश्यक होती असेच ती मानते. कादंबरीतील बॉक्स हिलचा प्रसंग, जेथे एमा मिस बेट्सचा अपमान करते, अधिक गाजलेला आहे. मला ही चौदा मिनिटे अधिक जड वाटतात. मिस बेट्सची क्षमा एमा दुसऱ्याच दिवशी मागावयास जाते. मार्टिनच्या घरी तशी ती कधी जात नाही.

हॅरिएटला वरची पायरी पाहावयास शिकविले, त्याचे फळ एमालाच मिळते. ती मुलगी थेट नाइटलींची आशा धरते, आणि तेव्हाच एमाला स्वतःचे प्रेम कळते. मग शिकविलेले सारे पुन्हा विसरविणे ओघाने आलेच. हॅरिएटला लंडनला पाठविले जाते. मार्टिन पुन्हा विचारतो. ती होकार देते. तिचा पिता व्यापारी निघतो. तो खाऊनपिऊन सुखी असतो, थोर मात्र नव्हे. हे कळताच, आपण केवढा कलंक नाइटलींच्या किंवा एल्टनच्या घराण्याला लावावयास निघालो होतो, असा विचार एमाच्या मनात येतो. सुधारलेल्या एमाच्या मनात हा विचार येऊ द्यावा, ही लेखिकेची निष्ठुर सत्यनिष्ठा होय. उतरंड जशीच्या तशी आहे. एमाला आता ती नीट वाचता येते, इतकेच.

सप्टेंबर सरण्यापूर्वी हॅरिएटचे लग्न लागते, महिन्याभरात एमाचे, आणि नोव्हेंबरात जेन फेअरफॅक्सचे लागावयाचे असते. हॅरिएटच्या लग्नाला एमा तिच्यासोबत चर्चमध्ये जाते. विधी एल्टनच चालवितो. त्यानंतर दोघींची मैत्री सौम्य सद्भावनेत उतरत जाते. हार्टफील्डला हॅरिएटचे येणे कमी होते.