लटके हत्यार

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर आज काका जोसेफ बॅप्टिस्टा यांच्या नावाची बाग आहे. बागेच्या पोटात पाण्याचा मोठा साठा आहे, आणि कठड्याशी उभे राहिले म्हणजे गोदी व बंदर नजरेच्या टप्प्यात येतात. १६८० च्या सुमारास इंग्रजांनी या टेकडीवर एक लहानसा किल्ला बांधला. त्याची अखेर मोठी लाजिरवाणी झाली. १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला व तेथून माझगावकडे वळला. त्या काळी मुंबईत असलेला अलेक्झांडर हॅमिल्टन हा दर्यावर्दी लिहून गेला आहे की, किल्ल्यावर चौदा तोफा होत्या. तथापि शत्रू जवळ येताच आतील लोक खजिन्याच्या पेट्या व हत्यारे जागच्या जागी टाकून पळत सुटले. सिद्दीने तेथेच आपले ठाणे दिले, आणि १६९० च्या जूनमध्ये तो गेला तो किल्ल्यास आग लावूनच.

पळ काढण्याची कारणे अनेक असतील. परंतु हत्यार जवळ असणे आणि हत्यार चालविता येणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढा बोध या प्रसंगावरून घेण्यास हरकत नाही. पहिली पैशाने साधते. दुसरीस सराव लागतो. आणि सराव म्हटला की लटके हत्यार आलेच, कारण नवशिक्याच्या हाती प्रथमच खरे शस्त्र दिले तर शत्रूच्या आधी सोबत्याचाच जीव जावयाचा.

आपल्याकडील जुन्या वस्तादांना हे पक्के ठाऊक होते. तलवारीचा हात बसावा म्हणून त्यांनी फरी-गदका योजिला: चामड्याने मढविलेली काठी ही तलवार, आणि लहानशी फरी ही ढाल. भालाईतासाठी बोथाटी होती. तिच्या टोकास पात्याऐवजी गोळा बांधलेला असे. शाळेच्या पटांगणात मुलामुलींनी तालावर खेळलेली लेजीम आपण सर्वांनीच पाहिली आहे; पण ती मुळात तिरंदाजाचे सरावाचे धनुष्य होय, हे फारच थोड्यांच्या ध्यानी येते. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले ते धनुष्य वारंवार ओढून दंडांत बळ आणावयाचे, हा तिचा मूळ हेतू. पुढे तीरकमान रणांगणातून गेली आणि साखळीचा नाद तेवढा मागे राहिला.

बंदूक आली तेव्हा सरावाचे स्वरूप पालटले. येथे बळापेक्षा क्रम महत्त्वाचा. दारू ओतणे, गोळी ठासणे, नेम धरणे, चाप ओढणे, या क्रियांत एक मागेपुढे झाली की सारे व्यर्थ. म्हणून पलटणींतून कवाईत आली, आणि कवाईतीस गोळी सुटलीच पाहिजे असे नाही.

परंतु १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने या साध्या गोष्टीस निराळेच वळण लागले. परवान्यावाचून हत्यार बाळगणे हिंदी माणसास गुन्हा ठरला; युरोपियनांस मात्र त्यातून सूट मिळाली. स्वयंसेवक पलटणींत हिंदी लोकांसही घ्यावे, असा ठराव राष्ट्रीय सभेने १८८६ च्या कलकत्त्याच्या अधिवेशनात केला. तो फळास येण्यास फार काळ जावा लागला. तोवर आमच्या तरुणांच्या खांद्यावर बंदुकीच्या जागी लाठी आली.

यात हसण्यासारखे काही नव्हते. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा खुद्द इंग्लंडात लॉर्ड किचनेरच्या नव्या सैन्यास पुरेशा बंदुका मिळेनात, म्हणून सहस्रावधी तरुणांनी लाकडी बंदुकाच खांद्यावर घेऊन कवाईत केली. भेद लाकडात नव्हता, लाकडापुढे काय वाढून ठेविले होते त्यात होता. इंग्रज तरुणास ती लाकडी बंदूक ही पायरी होती. काही महिन्यांनी खरी बंदूक हाती येणार, हे तो जाणून होता. आमच्या तरुणास तीच पायरी अखेरची होती.

हा भेद लोकमान्य टिळकांनी नेमका हेरला होता. ज्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष हेच माझगावचे बॅप्टिस्टा होते, ती १९१६ साली निघाली. दुसऱ्याच वर्षी सरकारने इंडियन डिफेन्स फोर्स उभारून त्यात हिंदी विद्यार्थ्यांसही वाव दिला. तेवढ्याने टिळकांचे समाधान झाले नाही. हिंदी माणसास सैन्यात अधिकाराच्या जागा मिळणार असतील तर आपण ५,००० लोक भरती करून देऊ, असे त्यांनी १९१८ साली गांधीजींस कळविले, आणि वचनास तारण म्हणून ५०,००० रुपयांचा चेक पाठविला. गांधीजींनी तो परत केला. सौदा झाला नाही, पण मागणीचे मर्म स्पष्ट होते: आम्हांस नुसती कवाईत नको, विश्वास हवा.

स्वराज्यात १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. तिच्या मुलांनीही आरंभ लटक्या हत्यारानेच केला. कवाईतीची बंदूक म्हणजे बहुधा खरीच जुनी बंदूक. गोळी सुटू नये म्हणून तिचा एखादा भाग निकामी केलेला. तथापि ती भरलेलीच आहे असे समजून हाताळावयाची, तिची नळी कोणाकडे रोखावयाची नाही, चापावर उगाच बोट ठेवावयाचे नाही, हा पहिला धडा. त्यापुढे चांदमारीचे मैदान होते. दादरच्या कीर्ती महाविद्यालयातील छात्रसेनेतूनच नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. पायरी पायरीच राहिली म्हणजे काय घडते, याचे हे चांगले उदाहरण होय.

घरोघर बंदूक असावी, असे यावरून कोणी समजू नये. १९५९ च्या आपल्या स्वतःच्या कायद्यानेही परवाना ठेविलाच आहे, आणि तो योग्यच आहे. सांगावयाचे आहे ते इतकेच की, लटके हत्यार हाताला वळण लावते, संयम शिकविते. पण शिकलेल्यावर पुढे विश्वास टाकणारे कोणी नसेल तर ते खेळणे होऊन बसते. उलट, सरावावाचून खरे हत्यार किती उपयोगी पडते, याची साक्ष भंडारवाड्याच्या टेकडीने १६८९ सालीच दिली आहे. त्या चौदा तोफांपाशी कवाईत केलेली चौदा माणसे ठाम उभी राहती, तर टेकडीचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.